गाणे फिरते, नाव गळते : वामनदादा कर्डक आणि मडी वॉटर्स

मनीषनगर, बेसा, सोमलवाडा या दक्षिण नागपूरच्या पट्ट्यात आपली पगारदार पिढी राहायला येऊन आता बराच काळ लोटला. आजोबा गिरणीत, विडीच्या कारखान्यात किंवा रेल्वेत राबले, वडील बँकेत नाहीतर सरकारी नोकरीत लागले, आणि नातवंडांच्या खोलीत आज गिटार आहे. हे बाबासाहेबांच्या चळवळीचेच फळ आहे, त्याबद्दल नाक मुरडायचे काही कारण नाही. पण या तरुणांशी गाण्यावर बोलायला बसलो की एक वाक्य हटकून ऐकू येते : अमेरिकेतल्या काळ्यांचे ब्लूज ही कला आहे, आपली भीमगीते म्हणजे प्रचार आहे. एकाकडून ऐकले तर सोडून देता येते. दहा जणांकडून ऐकले की उत्तर द्यावे लागते.

उत्तरासाठी दोन माणसे समोर ठेवतो. एक, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामन तबाजी कर्डक, म्हणजे आपले वामनदादा. दुसरे, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. लहानपणी चिखलपाण्यात खेळायचे म्हणून घरच्यांनी 'मडी' म्हटले, आणि पुढे सगळे जग त्यांना मडी वॉटर्स म्हणू लागले. विजेच्या गिटारवर ब्लूज वाजवून ज्यांनी पुढच्या रॉक संगीताचा पाया घातला, ते हेच.

ही तुलना कुणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. ती आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे त्यांच्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली, आणि डुबॉइस यांनी उत्तरही दिले. १९७२ मध्ये मुंबईच्या आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिले ते ब्लॅक पँथरवरून. पत्रे, पुस्तके, संघटना यांची तुलना आपण केली. गाण्याची मात्र राहून गेली.

आता १९४३ हे साल बघा. त्या वर्षीच्या ३ मे रोजी मुंबईत वामनदादांनी आपले पहिले गीत रचले. त्याच वर्षी मडी वॉटर्स यांनी मिसिसिपीतला मळा सोडला आणि उत्तरेला शिकागोची गाडी पकडली. दोघांना एकमेकांचे नाव शेवटपर्यंत माहीत नसणार. पण दोघेही एकाच रस्त्यावरचे वाटसरू होते : गावातून शहरात, मालकाच्या शेतातून कारखान्याच्या भोंग्याकडे.

मडी यांच्या जन्माचे सालसुद्धा नक्की नाही. ते स्वतः १९१५ सांगत, कागदपत्रांवरून १९१३ निघते. आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण मास्तराने शाळेत घालताना तोच लिहून टाकला. ज्यांचा जन्म कुणी नोंदवत नाही अशी माणसे दोन्हीकडे सारखीच. आई लवकर वारली, आजीने क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर वाढवले. गुलामी कायद्याने १८६५ मध्येच संपली होती. पण तिच्या जागी जी बटई आली ती विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, खेचर मालकाचे, उधारीचे दुकान मालकाचे, आणि हिशेबाची वहीदेखील मालकाचीच. वर्षाच्या शेवटी कापूस विकला गेला की वहीत कुळाच्या नावावर कर्जच निघायचे. ज्या कापसाने त्यांना बांधून ठेवले त्याच कापसाने आपला इतिहासही विणला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात उभी राहिली आणि आपल्या कितीतरी घरांचा पहिला रोख पगार नागपूरच्या गिरण्यांतून आला.

सतराव्या वर्षाच्या आसपास मडी यांनी घरातला शेवटचा घोडा विकला. पंधरा डॉलर आले. निम्मे आजीला दिले आणि उरलेल्यातून सुमारे अडीच डॉलरला जुनी गिटार घेतली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याच्या घरातला शेवटचा घोडा विकणे म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला गिटार ही चैन वाटणार नाही. मळ्याबाहेर पडायचे ते पहिले तिकीट होते.

१९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाकडून अ‍ॅलन लोमॅक्स नावाचे गोरे संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन मळ्यावर आले. मडी यांनी प्रथमच स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला, आणि आपण मोठ्या गायकांइतकेच चांगले आहोत हे त्यांना उमगले. दोनच वर्षांनी मळ्यावर ट्रॅक्टर चालवण्याची मजुरी तासाला साडेबावीस सेंटवरून पंचवीस सेंट करा, इतरांना तेवढी मिळते, असे त्यांनी मुकादमाला सांगितले. मुकादम खवळला. अडीच सेंटांवरून भांडण झाले आणि ब्लूजच्या इतिहासाने शहराची वाट धरली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसे अशीच दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेली.

वामनदादांची वाट याहून सोपी नव्हती. जन्म १५ ऑगस्ट १९२२. शाळेशी संबंध नाही. आईबरोबर मुंबईला आले, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, गिरणीत, कोळशाच्या वखारीत, जिथे मिळेल तिथे काम केले. आधी सिनेमात जायचे वेड होते, एक्स्ट्रा म्हणून स्टुडिओचे उंबरे झिजवले. मुंबईच्या गिरणीत तरी सगळे सारखे होते असे कुणी समजू नये. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तुटलेला धागा धोट्यात ओवताना तोंडाने ओढावा लागे आणि मग विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. वर्ग आणि जात यांचे नाते ग्रंथातून शिकण्याआधी आपल्या लोकांनी ते मागावर शिकले.

दादा अक्षरे कशी शिकले ही गोष्ट आपल्या प्रत्येक बुद्धविहारात सांगायला हवी. चाळीतल्या कुणी तरी पत्र वाचायला दिले. वाचता येईना. त्या शरमेने ते रडले. मग देहलवी मास्तरांनी बाराखडी शिकवली, आणि पुढचे वाचन दादांनी दुकानांच्या पाट्यांवरून केले. मुंबईचे रस्ते ही त्यांची शाळा. समता सैनिक दलात काम करता करता, बाबासाहेबांना ऐकता ऐकता, पहिले गीत आले. तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते. चाळीने ते उचलले, आणि इथून पुढची साठ वर्षे हा माणूस थांबला नाही.

इथे 'प्रचार' म्हणणाऱ्या मित्रांचा पहिला मुद्दा निकालात काढू. म्हणे भीमगीत सिनेमाच्या चाली उचलते. हो, उचलते. ज्याच्याजवळ ना पेटी, ना वाजवणारे, ना तालमीला जागा, त्याने लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल उचलली आणि शब्द आपले भरले, तर नवे गाणे एका रात्रीत शंभर गावांत पोहोचते. ब्लूजही हेच करते. बारा खंडांचा एक साचा, तीन साधे स्वरमेळ, पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. हजारो गाणी याच साच्यात आहेत. तिथे याला 'परंपरा' म्हणायचे आणि इथे 'उसनवारी' म्हणायचे, हा न्याय कुठला?

वाद्यांचा प्रश्न मात्र खरोखर वेगळा आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे. मडी यांच्या गिटारचा खास आवाज येतो तो बाटलीच्या मानेतून. काचेच्या बाटलीचे तोंड कापून करंगळीत घालायचे आणि तारेवरून सरकवायचे. गिटारच्या दांड्यावर धातूच्या पट्ट्या असतात, त्या स्वरांना खणांत बसवतात. काच सरकली की खण मोडतात, दोन स्वरांमधली जागा वाजू लागते आणि तार माणसासारखी हुंदका देते किंवा हसते. आपल्या गाण्यातली मींड ज्याच्या कानात आहे त्याला हे लगेच उमजते. गिटार त्यांनी स्वतः निवडली, स्वतःच्या पैशाने घेतली. आपल्याकडे वाद्यसुद्धा जातीने वाटलेले होते. हलगी कुणी बडवायची, सनई कुणी फुंकायची, मेलेल्या जनावराचे कातडे कुणी ताणायचे, हे गावगाड्याने ठरवलेले. म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीत गावकीची कामे सोडताना लग्नामयतीत वाजवणेही आपल्या लोकांनी सोडले. वाजवता येत नव्हते म्हणून नाही, वाजवायला लावले जात होते म्हणून. आणि मग त्याच लोकांनी जलशात ढोलकी, पेटी, डफ, तुणतुणे पुन्हा हातात घेतले, आता स्वतःच्या मर्जीने. तमाशातला गण गेला, त्या जागी बाबासाहेबांना वंदन आले. गवळणीची थट्टा गेली, त्या जागी शाळेत जाणाऱ्या मुलीचा संवाद आला. झीलकरी तेच, आवाज तोच, मालक बदलला. भीमराव कर्डकांच्या जलशाने हे काम वामनदादांच्या आधी केले होते (दोघांचे आडनाव एक, माणसे वेगळी, तरुण मुले अनेकदा गल्लत करतात). आपल्या दहा भाषणांचे काम असा एक जलसा करतो असे बाबासाहेब म्हणाल्याचे चळवळीत सांगतात ते भीमरावांच्या जलशाबद्दल.

शिकागोत मडी यांनी दिवसा कागदाच्या कारखान्यात काम केले, ट्रक चालवला, आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत वाजवले. तिथल्या गोंगाटात लाकडी गिटार ऐकूच येईना. १९४४ च्या सुमारास विजेची गिटार हातात आली. १९४८ मध्ये पहिली गाजलेली तबकडी निघाली, आणि पन्नासच्या दशकात 'चेस रेकॉर्ड्स'साठी त्यांनी बँड घेऊन जे ध्वनिमुद्रण केले त्यातून शहरी ब्लूज म्हणजे काय ते ठरले. शेतातले एकट्याचे गाणे आता ड्रम, पियानो, माउथऑर्गन घेऊन, विजेवर, मोठ्याने वाजू लागले.

'मोठ्याने' हा शब्द लक्षात ठेवा. १९५८ मध्ये मडी इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या रसिकांना धक्का बसला. त्यांना हवा होता मळ्यावरच्या झोपडीत बसून हळू आवाजात रडणारा गरीब काळा माणूस, आणि हा तर कान फुटतील अशी गिटार वाजवत होता. पुढच्या खेपेला, १९६३ मध्ये, मडी साधी गिटार घेऊन गेले, तर तोवर लोकांना विजेची हवी झाली होती! गंमत सोडा, पण त्या धक्क्यात एक सत्य आहे. शोषिताचे दुःख ऐकायला सज्जनांची हरकत नसते. दुःख हळू आवाजात, आदबीने, शक्यतो जुन्या काळातले असावे एवढीच अट असते. आपल्या भीमगीताला 'लाऊडस्पीकर' म्हणणारे नेमकी हीच अट घालतात. पिढ्यानपिढ्या ज्यांना विहिरीपाशी, चावडीपाशी तोंड उघडू दिले नाही त्यांनी कर्णा लावला तर त्यात आवाजाचा दोष नाही. (आजच्या डीजेबद्दल माझे मत वेगळे आहे. तिथे आवाज वाढला म्हणून तक्रार नाही, शब्द पुसले गेले म्हणून आहे. छाती हादरते आणि दादांची एक ओळ धड कानात येत नाही, तो दादांचा कार्यक्रम नव्हे.)

१९५५ मध्ये मडी यांचे एक गाणे आले, 'मॅनिश बॉय'. वरवर ते मर्दानगीची फुशारकी वाटते. पण त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत साठ वर्षांच्या काळ्या माणसालाही गोरे पोरगे 'बॉय' म्हणून हाक मारत. 'मी पोर नाही, पुरुष आहे' असे तिथे जाहीर म्हणणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबाला गावात रामाचा 'राम्या' आणि धोंडिबाचा 'धोंड्या' करून बोलावले, ज्यांना 'जोहार मायबाप' म्हणून वाकावे लागले, त्यांना वेगळे सांगायला नको. आपण त्या जोहाराच्या जागी 'जय भीम' ठेवले, आणि ही हाक रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. आपल्या कामठीचे. वामनदादांच्या गाण्यांचे काम हेच होते. त्यात दुःख आहे, पण ते गाणे दुःखापाशी संपत नाही. ज्याला गाव अर्ध्या नावाने हाक मारत होते त्याला ते पूर्ण नावाने उभे करते.

आणि दादांनी फक्त भीमगीते लिहिली असेही नाही. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या गाजलेल्या तमाशापटात त्यांचे गाणे आहे. लावणी, गझल, प्रेमगीत, कष्टकऱ्याचे गीत, सगळे त्यांनी हाताळले. घरचे दुःख मोठे होते. मीरा नावाची लेक लहानपणीच गेली. तरीही चळवळ फुटली तेव्हा ते गप्प बसले नाहीत. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि काही वर्षांत त्याची शकले झाली. त्या शकलांच्या पुढाऱ्यांना, त्यांच्याच सभेत, त्यांच्याच मंचावरून गाण्यातून झोडपणारा कवी म्हणजे वामनदादा. प्रचारक हे करत नाही. प्रचारकाला मंच पुढच्या वेळीही हवा असतो.

इथे ब्लूज आणि भीमगीत वेगळे होतात, तेही सांगितले पाहिजे. ब्लूजमध्ये बहुतेक वेळा एक एकटा माणूस असतो : त्याची बाई, त्याची दारू, त्याची गाडी, त्याचे नशीब. अन्याय त्यात दबून येतो, कारण मळ्यावर उघड बोललेला माणूस झाडाला लटकत असे. भीमगीतामागे संघटना होती, नेता होता, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी होती. म्हणून आपल्या गाण्यात 'मी' पेक्षा 'आम्ही' जास्त येतो. ही ताकद आहे. पण यामुळेच एक नुकसानही झाले. 'आम्ही'च्या गाण्याचा कवी कोण, हे विचारायची आपल्याला सवय लागली नाही.

आणि खरा प्रश्न हाच आहे. गाण्यावर नाव कुणाचे, पैसा कुणाचा?

मडी यांचे काय झाले ते बघा. १९४१ चे ते संशोधन लोमॅक्स यांच्या नावावर जगभर गाजले. पण ती पाहणी फिस्क विद्यापीठ या काळ्यांच्या संस्थेबरोबर होती आणि तिथले काळे संगीतकार-अभ्यासक जॉन वर्क यांनी तिच्यात मोलाचे काम केले होते. वर्क यांचे हस्तलिखित कपाटात गडप झाले आणि छापून आले थेट २००५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास चार दशकांनी. गाणारा काळा, अभ्यासणारा काळा, कीर्ती मात्र यंत्र घेऊन आलेल्याची. मडी यांच्या १९५० च्या एका गाण्यावरून इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी १९६२ मध्ये आपल्या बँडचे नाव 'रोलिंग स्टोन्स' ठेवले आणि ते जगातल्या सर्वांत श्रीमंत वाद्यवृंदांपैकी एक झाले. त्यांनी मडी यांचे ऋण उघड मान्य केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. सगळ्यांनी केले नाही. विली डिक्सन यांनी लिहिलेले आणि मडी यांनी १९६२ मध्ये गायलेले एक गाणे 'लेड झेपेलिन'च्या १९६९ च्या प्रचंड खपाच्या गाण्यात डोकावले, आणि तबकडीवर डिक्सन यांचे नाव नव्हते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याआधी सत्तरच्या दशकात मडी आणि डिक्सन या दोघांनी स्वतःच्या प्रकाशन कंपनीला, म्हणजे चेसच्या घरच्याच कंपनीला, थकलेल्या रॉयल्टीसाठी न्यायालयात खेचले होते. तिथेही तडजोडीने मिटले, पण आपल्या गाण्यांचे हक्क परत मिळण्याची वाट मोकळी झाली. डिक्सन यांनी पुढे ब्लूजच्या कलावंतांना त्यांचे हक्काचे पैसे मिळवून द्यायला संस्था काढली, आणि ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने चेसच्या जुन्या स्टुडिओची इमारतच विकत घेतली. ज्या घरात शोषण झाले त्याच्या किल्ल्या शोषितांच्या हातात आल्या. याला म्हणतात काम.

मडी वॉटर्स ३० एप्रिल १९८३ ला वारले. मळ्यावरची त्यांची लाकडी खोली आज क्लार्क्सडेलच्या संग्रहालयात ठेवली आहे.

आता आपल्याकडे या. वामनदादांनी पहिले गीत केले १९४३ मध्ये. त्यांचा 'वाटचाल' हा संग्रह आला १९७३ मध्ये. मधली तीस वर्षे ती गाणी कुठे होती? लोकांच्या तोंडात, गायकांच्या वह्यांत, पाचपन्नास पैशांच्या पुस्तिकांत. मग 'मोहोळ' १९७६ मध्ये, 'हे गीत वामनाचे' १९७७ मध्ये, आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ मध्ये. मराठीच्या अभ्यासक्रमात भावगीताला जागा होती, संतकाव्याला होती, शाहिरी पोवाड्यालाही होती. ज्याचे शब्द लाखो लोकांना पाठ होते तो कवी तिथे फार उशिरा आला. आपल्या लोकांनी मात्र १९९३ मध्ये वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरवले तेव्हा अध्यक्षपदी ज्याने दुकानाच्या पाट्यांवरून अक्षरे गिरवली त्यालाच बसवले. विदर्भाच्या या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो.

पण पैशाचे काय? ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांच्या आवाजाने भीमगीत घराघरांत नेले, आणि १४ एप्रिलला, विजयादशमीला, ६ डिसेंबरला कॅसेटचे ढीग विकले जाऊ लागले. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव ठळक, आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरात, कधी तेही नाही. त्यातली गाणी आज मोबाइलवर फिरतात तेव्हा खाली 'पारंपरिक' लिहिलेले असते. हा शब्द ऐकायला किती गोड आहे! 'पारंपरिक' म्हणजे ज्याला बाप नाही असे. बाप नाही म्हणजे वाटा मागायला कुणी येणार नाही. ज्या लोकांच्या जमिनीवर, श्रमावर आणि नावावर हजारो वर्षे दुसऱ्यांनी ताबा सांगितला, त्यांच्या गाण्यालाही अनाथ ठरवून टाकणे ही त्याच ताब्याची नवी तऱ्हा आहे. आणि यात फक्त सवर्ण कंपन्याच आहेत असे म्हणून आपण सुटू शकत नाही. आपल्याच मंडळांच्या पत्रिकांवर डीजेवाल्याचे नाव असते, नगरसेवकाचे असते, गीतकाराचे नसते.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०६४ पर्यंत जिवंत आहे. याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकला असला तरीही 'ही रचना माझी आहे' असे म्हणण्याचा कवीचा अधिकार जात नाही. म्हणजे नाव गाळणे हा नुसता अशिष्टपणा नाही, हक्काचा भंग आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही कुणाला हिसकावता येणार नाही अशी तरतूद झाली. जुन्या करारांचे काय, हा वकिलांनी लढवायचा प्रश्न आहे, आणि आपल्यात आज वकील कमी नाहीत. मनीषनगरातच एका सोसायटीत दोन सापडतील.

गाण्याला किंमत कुणी किती मोजली याचा हिशेब नेहमी पैशातच होत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीव दिला. डाव्या चळवळीत गायलेला हा माणूस, शेवटी डोक्याला निळी पट्टी बांधून गेला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ चा माहितीपट त्यांच्यापासून सुरू होतो. आणि २६ नोव्हेंबर २०१० ला आपल्या दीक्षाभूमीवर, मंचावरच, विठ्ठल उमप कोसळले ते उठले नाहीत. नागपूरने तो दिवस पाहिला आहे. प्रचार करताना माणसे पगार घेतात. यांनी काय घेतले ते सांगा.

गिटार वाजवणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे गिटार सोडा असे मुळीच नाही. मडी वॉटर्स ऐका, बाटलीची मान करंगळीत घालून बघा, आणि त्या तारेवर एखाद्या दिवशी दादांची चाल वाजवून बघा. ती बसते, कारण दोन्हीकडे स्वर खणांत राहायला तयार नाहीत. पण वाजवण्याआधी गीतकाराचे नाव घ्या. तुम्ही चित्रफीत टाकाल तेव्हा तिच्याखाली ते लिहा. मंडळाच्या पत्रिकेवर छापा.

आणि एक काम ताबडतोब करण्यासारखे आहे. इंदोऱ्यात, पाचपावलीत, कामठीत, वर्ध्यात, ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात जलशात झील धरली, ढोलकी वाजवली, गायनपार्टीची वही सांभाळली, असे लोक अजून आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्या पेटीत वह्या आहेत, ज्यांच्या कडा उंदरांनी खाल्ल्या आहेत. कॅसेट आहेत, ज्यांच्या फितीला बुरशी लागली आहे. फितीवरची बुरशी उन्हाने जात नाही, उलट ऊन फीत वाकवते. कोरड्या सावलीत ठेवून जाणकाराकडून ती साफ करून घ्यावी लागते, आणि मग एकदाच, थांबत थांबत, संगणकावर उतरवावी लागते. प्रत्येक गाण्यापुढे लिहायचे : शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुठल्या गावात, कुठल्या साली गायले, ढोलकीवर कोण होते. हे सांगू शकणारा माणूस बहुधा ऐंशीच्या पुढचा असेल. त्याच्याकडे जाताना कॅसेट वाजवायचे यंत्र आपलेच न्या, त्याच्या घरचे कधीच बंद पडलेले असते.